प्रश्नाची वाट पाहणारा ग्रंथ

इ. स. १८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात एक ग्रंथ छापला गेला. छापखाना अग्निहोत्र्यांचा, ग्रंथ यहुदी लोकांचा आणि भाषा हिब्रू, तिच्या जोडीला मराठी. मोझेस याकोब तळकर व आरोन दानिएल तळकर या दोघा बेने इस्राएल गृहस्थांनी तो सिद्ध केला. ग्रंथाचे नाव हगादा, म्हणजे कथन. वल्हांडण सणाच्या रात्री, मिसर देशाच्या दास्यातून झालेल्या सुटकेची हकिकत घरच्या भोजनाला बसून सांगावयाची, ती या पुस्तकाच्या आधारे. तत्पूर्वी १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह हगादा निघालेला होता. पुण्याच्या आवृत्तीची कीर्ती तिच्यातील चित्रांमुळे आहे. बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया त्यांत आपल्याकडील बायांसारखे लुगडे नेसून कामाला बसल्या आहेत. चित्रे खरोखरच हृद्य आहेत. परंतु या ग्रंथाचे खरे मोल त्याच्या रचनेत आहे असे आम्हांस वाटते. यहुदी धर्मशास्त्रातील नित्य अध्ययनाचा दंडक येथे कथेचे रूप घेऊन घरात उतरला आहे.

हा दंडक काय, ते प्रथम पाहू. अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात परमेश्वर एकच आहे असे सांगून लगेच आज्ञा येते, की ही वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत आणि घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता त्यांविषयी बोलत राहावे. या आज्ञेवरून यहुदी धर्मपंडितांनी असे ठरविले, की अध्ययन ही विद्वानांची आवड नव्हे, तर प्रत्येक पुरुषावरील ऋण आहे. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री मैमोनिदेस यांनी या ऋणाला पळवाट ठेविली नाही. गरीब असो वा श्रीमंत, धडधाकट असो वा पीडित, दारोदार भिक्षा मागणारा असो वा बायकामुलांचा प्रपंची असो, प्रत्येकाने दिवसा व रात्री अध्ययनाची वेळ नेमून ठेवावी, आणि तीही मरणाच्या दिवसापर्यंत! इस्राएलच्या मोठमोठ्या पंडितांत लाकूडतोडे होते, पाणी भरणारे होते, आंधळेही होते, याची आठवणही ते करून देतात. दंडकाचा भर किती कळले यावर नाही. वेळ नेमली काय आणि पाळली काय, एवढेच तो विचारतो.

आता हगादाकडे वळू. धर्मग्रंथ म्हटला की उपदेशाने आरंभ व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. येथे आरंभी बोलते ते मूल. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे ते विचारते आणि मगच बाप बोलू लागतो. शास्त्राचा नियम असा, की मूल समंजस नसेल तर पत्नीने विचारावे, तीही नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारावे. दोन पंडित एकत्र जेवत असतील, त्यांना सारे पाठ असेल, तरी त्यांनी परस्परांना प्रश्न करावा. उत्तर ठाऊक असलेल्यालाही प्रश्नातून सुटका नाही! ग्रंथात पाच धर्मगुरूंची एक आख्यायिका आहे. ते सुटकेची हकिकत रात्रभर बोलत बसले आणि उजाडल्याचे भान त्यांना शिष्यांनी येऊन दिले, कारण सकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली होती. पुढे चार पुत्र येतात. एक शहाणा, एक कुत्सित, एक भोळा आणि एक, ज्याला विचारताच येत नाही. कुत्सिताला खरमरीत उत्तर मिळते, पण तो पंक्तीतच असतो. चौथ्याच्या बाबतीत आज्ञा अशी, की बोलण्याची सुरुवात तूच कर. ग्रंथातील हे स्थळ आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते. मुलाचे मौन हे बापाला गप्प बसण्याचे निमित्त ठरत नाही.

हा ग्रंथ मराठीत येणे ही घटना किती मोठी, हे बेने इस्राएलांचा इतिहास पाहिल्याशिवाय उमजत नाही. कोकणच्या गावांत तेल गाळून पोट भरणारे हे लोक शब्बाथ पाळीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सुंता, शब्बाथ व आहाराचे काही नियम त्यांनी जपले होते. ग्रंथ मात्र हरपला होता. हिब्रूपैकी त्यांच्या ओठांवर उरली होती ती 'शमा', म्हणजे अनुवाद ग्रंथातील तीच एकेश्वराची घोषणा. पुढे १७९६ मध्ये मुंबईत सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी त्यांचे पहिले सभास्थान बांधले, कोचीनहून शिक्षक आले आणि विस्मृत विधी पुन्हा शिकले गेले. या पुनरुज्जीवनात ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही वाटा आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे लपविण्यात अर्थ नाही. पण हाती आलेल्या विद्येने बेने इस्राएल अधिक पक्के यहुदी झाले.

येथे तालमूदातील एक वाद आठवतो. एका मताप्रमाणे, जो सकाळ-संध्याकाळ केवळ शमा म्हणतो त्यानेही अध्ययनाचे ऋण फेडले. मात्र ही सवलत अडाण्यांपुढे सांगू नये. राबा नावाचा पंडित उलट म्हणतो, की ती त्यांच्यापुढे सांगणे हेच पुण्य आहे. टीकाकारांनी दोहोंची कारणे दिली आहेत. पहिल्याला भीती अशी, की एवढ्यावर भागते हे कळले तर माणूस आपल्या मुलांना अध्ययनाची सवयच लावणार नाही. दुसऱ्याला आशा अशी, की एवढ्याशा पठणाचे जर इतके फळ, तर पूर्ण अध्ययनाचे किती, असे त्याच्या मनात येईल. आमच्या मते बेने इस्राएलांचा इतिहास दोघांनाही खरे ठरवितो. शमाने त्यांना पिढ्यानुपिढ्या तगविले. परंतु आपण असे का करतो, हे मुलाला सांगावयास ती पुरी पडली नाही. त्यासाठी ग्रंथ लागला, आणि तो घरच्या भाषेत लागला.

या परंपरेत एक उणीव आहे, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नित्य अध्ययनाचे ऋण शास्त्राने स्त्रियांवर ठेविले नाही. पुण्याच्या आवृत्तीत लुगडे नेसलेल्या बाया भाकरी करताना दिसतात. परंतु त्याच रात्रीच्या नियमाने पत्नीला प्रश्न विचारावयास लाविले आहे. दंडकाने जे दार लोटून घेतले, ते कथेने किलकिले केले, असे आम्ही म्हणू.

आपल्या घरी काय आहे? फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ चे ख्रिस्तपुराण याच जातीचे आहे. त्यातही श्रोता विचारतो आणि गुरू सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजात सर्वच श्रद्धावंतांना पवित्र शास्त्राच्या वारंवार वाचनाचा आग्रह केला. तरीही आमच्या बहुतेक घरांत जपमाळ आहे, रविवारची मिस्सा आहे, आणि शास्त्र मात्र कपाटात आहे. आपण शमावर निभावणारे लोक आहोत. ती शमा तुच्छ नव्हे. पण मुलगा गप्प आहे, आणि त्याच्या गप्पपणाला आपण श्रद्धा समजतो.

वेळ कुठून आणावयाचा, असे जामखेड भागातील आमचे लोक विचारतात. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बिऱ्हाड निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. पोरांचे धर्मशिक्षण तेवढे महिने बुडते. अडचण खोटी नाही. परंतु याच जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बाया, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, दर आठवड्याला नेमाने येऊन शिकू लागल्या आणि आपल्या गावच्या आरोग्यसेविका झाल्या. शेत, चूल, लेकरे त्यांनाही होतीच. नेमलेली वेळ त्यांनी पाळली. लाकूडतोड्या पंडितांवर ज्याचा विश्वास बसत नाही, त्याने या बायांकडे पाहावे.

ऊसतोडीच्या कोपीत शास्त्राचा एक परिच्छेद मावतो. वाचता येणारे एखादे पोर प्रत्येक टोळीत असते. त्याने वाचावे, आईने विचारावे, बापाने ठाऊक असेल तेवढे सांगावे. ठाऊक नसेल तर तसे सांगावे, आणि गावी परतल्यावर तो प्रश्न आमच्याकडे आणावा. आम्हांलाही सारे ठाऊक आहे असे नाही. त्या प्रश्नासाठी आम्हांलाही ग्रंथ उघडावा लागेल. मूल विचारत नसेल, तर सुरुवात कोणी करावयाची, हे त्या जुन्या मराठी पुस्तकात लिहून ठेविलेले आहे.