वर्गातला नाग

नागपंचमीच्या सुमारास अमरावती-अकोल्याकडील काही शाळांत सर्पमित्र बरणीतून नाग आणून दाखवतात. सापाची भीती जावी, हा हेतू चांगलाच. पण मुलांच्या लक्षात राहते ते धरणाऱ्याचे धाडस! फणा काढलेला नाग स्वतःच भेदरलेला असतो, हे सांगायचे राहूनच जाते. शिवाय साप हाताने धरता येतो, हा घातक धडा मिळतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग व धामण संरक्षित आहेत. परवानगीवाचून त्यांना पकडणे गुन्हा आहे. त्यापेक्षा शिक्षकांनी मुलांना शेताच्या धुऱ्यापाशी न्यावे, उंदरांची बिळे दुरून दाखवावीत, धामण नसती तर ज्वारीचे काय झाले असते, हे विचारावे. संवर्धन शिकायला साप बरणीत कशाला हवा, असे आम्हांला वाटते.