‘त्राटिका’ आणि एलिझाबेथकालीन सुखात्मिकेचा अर्थ

एलिझाबेथकालीन सुखात्मिकांचा पदव्युत्तर अभ्यास आपल्याकडे बहुधा इंग्रजी समीक्षेच्या क्रमाने चालतो. प्रथम स्वभावचित्रणाची समीक्षा, मग उत्सववादी, त्यानंतर स्त्रीवादी. मराठी रंगभूमीचा उल्लेख येतो तो शेवटी, ‘प्रभाव’ या सदराखाली, रूपांतरांच्या यादीच्या रूपाने. परंतु रूपांतर हे स्वतःच एक अर्थनिर्णयन असते, आणि ते कधीकधी समीक्षकाच्या प्रबंधापेक्षा अधिक निःसंकोचपणे मूळ कृतीचे मर्म उघडे करते. वासुदेव बाळकृष्ण केळकरांचे ‘त्राटिका’ हे याचे ठळक उदाहरण होय. फर्ग्युसन कॉलेजातील या प्राध्यापकांनी ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकावरून ते रचले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शाहूनगरवासी मंडळीने ते गाजविले. गणपतराव जोशी नायक होते आणि त्राटिकेच्या भूमिकेत बळवंतराव जोग.

प्रथम नावाचाच विचार करावा. शेक्सपिअरच्या नाटकाच्या शीर्षकात कर्कशेचा निर्देश आहे, पण नायिकेचे नाव कॅथरिना आहे. शीर्षक आणि नाव यांच्यातील हे अंतर नाटकभर टिकते. लोक तिला काय म्हणतात आणि ती कोण आहे, हे दोन प्रश्न तेथे वेगळे राहतात. केळकरांनी नायिकेलाच त्राटिका म्हटले आणि ते अंतर मिटविले. पडदा वर जाण्यापूर्वीच निकाल लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि पुराणकथेतील नावे घेणाऱ्याच्या हातात पूर्णपणे राहात नाहीत. रामायणातील ताटका, म्हणजेच मराठीतील त्राटिका, ही जन्माने यक्षकन्या आहे. तिचा पती सुंद अगस्त्यांच्या कोपाने नष्ट झाला, त्याच्या सूडासाठी ती ऋषीवर चालून गेली आणि शापाने राक्षसी झाली. तिच्या क्रौर्याला पूर्वेतिहास आहे. शिवाय तिला मारताना राम प्रथम कचरतो. ती स्त्री आहे. विश्वामित्रांना त्याचे मन वळवावे लागते. कीर्तने ऐकलेल्या मराठी प्रेक्षकाला हे सारे ठाऊक होते. म्हणजे केळकरांनी निवडलेल्या नावात कर्कशेचा धिक्कार जितका आहे, तितकीच स्त्रीवधाविषयीची जुनी अस्वस्थताही आहे.

ही अस्वस्थता बरोबर घेऊन मूळ नाटकाकडे परतले की दुसऱ्या अंकातील एक प्रसंग निराळा दिसू लागतो. कॅथरिना बापाला उघड विचारते की, बियांकाच काय ती तुमची लाडकी. स्वभावचित्रणाच्या समीक्षेने या तक्रारीकडे तिच्या चिडखोरपणाचा आणखी एक दाखला म्हणून पाहिले. वस्तुतः यक्षिणीची राक्षसी कशी होते, याची ही घरगुती हकीकत आहे. आणि चौथ्या अंकात पेट्रूचिओ तिला अन्न व झोप यांपासून वंचित ठेवतो तेव्हा तो स्वतःच उपमा देतो ती ससाण्याला माणसाळविण्याची. राक्षसीचा वध होतो. ससाण्याला शिकविले जाते आणि पुन्हा धन्याच्या मनगटावर बसविले जाते. यांपैकी अधिक भयंकर काय, हा प्रश्न दोन्ही नाटके शेजारी ठेवल्याशिवाय सुचत नाही.

उत्सववादी समीक्षेची मांडणी अशा ठिकाणी अपुरी पडते. सी. एल. बार्बर यांचा १९५९चा ग्रंथ या विषयावरील फार मोलाचा ग्रंथ आहे. सणासुदीच्या स्वैरतेत माणसे काही काळ मोकळी होतात आणि अधिक शहाणी होऊन नित्यक्रमाकडे परततात, ही त्यांची दृष्टी ‘ट्वेल्फ्थ नाइट’ला चपखल लागू पडते. मीरा-भाईंदर परिसरातील विद्यार्थ्याला तर ती समजावून सांगण्याचीही गरज नसावी. एका बाजूस कोळी-आगऱ्यांचा शिमगा, दुसऱ्या बाजूस उत्तनकडील ख्रिस्ती गावांत चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वीचे मौजेचे दिवस, असा हा प्रदेश आहे. (लंडनमध्ये ही नाटके रंगत होती तेव्हा हा किनारा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता, चौकचा धारावी किल्ला चिमाजी अप्पांनी घेतला तो १७३९ मध्ये.) पण शिमग्याच्या बोंबेत मोकळीक असते ती एरवी दबून राहणाऱ्याची. प्रस्तुत नाटकात लग्नाला विदूषकी कपड्यांत येणारा, पुरोहिताला ठोसा मारणारा, मेजवानी टाकून वधूला ओढून नेणारा माणूस कोण आहे? नवरा. उलथापालथ करण्याचा हक्क येथे धन्याने बळकाविला आहे, आणि हा शिमगा दुसऱ्या दिवशी संपतही नाही. बार्बरनी आपल्या ग्रंथात या नाटकाला स्वतंत्र प्रकरण दिले नाही, हे मला अर्थपूर्ण वाटते. नॉर्थ्रप फ्राय यांच्या नवसमाजनिर्मितीच्या सूत्रात बियांकाचे कथानक बसते. कॅथरिनाचे बसविण्यासाठी ते फार ताणावे लागते.

शेवटच्या अंकातील कॅथरिनाचे दीर्घ भाषण हा वादाचा केंद्रबिंदू होय. ते उपरोधाने म्हटले जाते असे मानणारे अनेक आहेत. त्यांचा एक युक्तिवाद रंगभूमीच्या संकेतावर उभा आहे: एलिझाबेथकालीन रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगे करीत; शरणागतीचा उपदेश मुलाच्या तोंडून येत असल्याने त्याचे कृत्रिमपण प्रेक्षकाला जाणवत असे आणि उपदेशाची धार बोथट होई.

हा युक्तिवाद पारखून घेण्याची साधने इंग्रज अभ्यासकापाशी फारशी नाहीत. तेथील तो संकेत १६६० नंतर संपला. आपल्याकडे तो विसाव्या शतकातही जिवंत होता, आणि आपला अनुभव नेमका उलट आहे. बालगंधर्वांची नेसण, त्यांचे दागिने, त्यांचे लाजणे यांचे अनुकरण कुलीन घरांतील स्त्रियांनी केले, ही सर्वश्रुत गोष्ट आहे. पुरुषाने घडविलेली स्त्री प्रेक्षकाला खोटी वाटली नाही. ती खऱ्या स्त्रीपुढे आदर्श म्हणून उभी राहिली. बळवंतराव जोगांच्या तोंडी असलेली शरणागती ऐकून प्रेक्षकांत अंतर निर्माण झाले असेल, असे मानण्यास त्यामुळे आधार उरत नाही. उलट पुरुषाने रेखलेले पतिव्रत्य पुरुषाच्याच कंठातून आले म्हणजे ते निर्दोष उतरते. रुखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ या काळात गाजला होता, आणि नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार देणाऱ्या स्त्रीला १८८७ मध्ये न्यायालयाने कैदेचा धाक घातला होता. केळकरांचा हेतू काय होता हा प्रश्न येथे गौण आहे. सभागृहात बसलेल्या माणसांच्या मनात काय ताजे होते, हा महत्त्वाचा.

याचा अर्थ उपरोधाची बाजू सर्वस्वी निराधार आहे असा नव्हे. तिला खरा आधार आहे तो संहितेतच, पण शेवटच्या भाषणात नव्हे. ससाण्याच्या उपमेचे स्वगत संपविताना पेट्रूचिओ थेट प्रेक्षकांकडे वळतो आणि कर्कशेला वठणीवर आणण्याची याहून चांगली रीत कोणाला ठाऊक असेल तर त्याने बोलावे, असे आव्हान देतो. कोणी बोलत नाही. त्या स्तब्धतेत प्रेक्षक त्याचा भागीदार होतो, आणि पुढचे हसणे त्याला त्या भागीदारीसह हसावे लागते. नाटकाचे शेवटचे वाक्यही विजयाचे नसून ल्यूसेंशिओच्या आश्चर्याचे आहे. पेट्रूचिओच्या आव्हानाला जबाब मिळाला तो सुमारे वीस वर्षांनी, त्याच लंडनमध्ये. जॉन फ्लेचरने १६११च्या सुमारास लिहिलेल्या नाटकात कॅथरिना मरण पावली आहे, पेट्रूचिओने दुसरे लग्न केले आहे, आणि नवी वधू मारिया पहिल्याच रात्री दार आतून लावून घेते.