पॅकेट-गाळणीची आज्ञाभाषा : एक चिकित्सा

यंत्राने आज्ञा बिनचूक पाळली म्हणजे ती उत्तम लिहिली गेली, असा एक समज संगणकशास्त्राच्या अभ्यासात रूढ आहे. आज्ञा लिहिणाऱ्यानंतर ती वाचणारा, तपासणारा आणि बदलणारा दुसरा कोणी असतो, ही गोष्ट या समजात निसटते. जाळ्यातील पॅकेटे अडविणाऱ्या वा सोडणाऱ्या साधनांची परीक्षा याच दुसऱ्या वाचकाच्या दृष्टीने झाली पाहिजे. ब्रेंट चॅपमन यांनी १९९२ साली राउटरांतील गाळणीविषयी हाच आक्षेप घेतला होता : नियम रचणे कठीण आणि रचलेले तपासणे त्याहून कठीण. प्रश्न असा की, पुढील साधनांनी या आक्षेपाचे निरसन कितपत केले?

लिनक्सच्या २.४ आवृत्तीबरोबर २००१ साली आलेल्या ‘आयपीटेबल्स’मध्ये नियम वरून खाली वाचले जातात आणि स्वीकार वा नकार देणारा पहिला नियम लागू पडताच वाचन थांबते. सावली तालुक्यातील असोलामेंढ्याच्या कालव्यावर भात पिकविणाऱ्यास हा न्याय समजावून सांगावा लागणार नाही. वरचा दरवाजा बंद असता खालच्या पाटाचा दरवाजा उघडा असून व्यर्थ. याउलट त्याच वर्षी ओपनबीएसडीत आलेल्या ‘पीएफ’मध्ये लागू पडणारा शेवटचा नियम निर्णायक ठरतो, मात्र ‘क्विक’ हा शब्द असलेला नियम लागू पडला तर तेथेच निर्णय होतो. दोन्ही पद्धती तर्कशुद्ध आहेत. दोष आहे तो असा की, क्रमाचा अर्थ नियमाच्या शब्दांत कोठेही उमटत नाही. ‘आयपीटेबल्स’च्या नियमात निर्णयाचा शब्द मराठी क्रियापदाप्रमाणे शेवटी येतो, ‘पीएफ’मध्ये तो आरंभी येतो; परंतु वाक्य कितीही सुबोध असले तरी परिच्छेदाचा अर्थ त्यावरून लागत नाही.

२०१४ साली लिनक्स ३.१३ मध्ये दाखल झालेल्या ‘एनएफटेबल्स’ने मोठी सुधारणा केली. नियमांची संपूर्ण फाईल एकदम लागू होते, किंवा चूक आढळल्यास मुळीच होत नाही. अर्धवट अवस्था राहत नाही. तथापि ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘ड्रॉप’ हे शब्द येथे समबल दिसतात, तसे ते नाहीत. नकार अंतिम असतो. स्वीकार मात्र त्याच टप्प्यावरील पुढच्या साखळीत रद्द होऊ शकतो. जोडीने येणाऱ्या शब्दांचे असे असमान वजन वाचकाची फसगत करते.

कूटबद्ध बोगद्यांच्या क्षेत्रात जेसन डोनेनफेल्ड यांचे ‘वायरगार्ड’ (लिनक्स ५.६, २०२०) सुमारे चार हजार ओळींच्या मर्यादेत राहिले, हा त्याचा थोर गुण. परंतु त्यातील ‘अलाउड-आयपीज’ हे एकच पद दोन कामे करते : जाणाऱ्या पॅकेटाला ते वाट दाखविते आणि येणाऱ्याची पारख करते. शिवाय बोगद्याबाहेरच्या गाळणीला आतील मजकूर दिसत नाही. तिला केवळ यूडीपी पॅकेटे दिसतात. म्हणून आतील रहदारीचे नियम बोगद्याच्या मुखाशी स्वतंत्रपणे लिहावे लागतात.

ही चिकित्सा केवळ शब्दांची नव्हे. सावलीसारख्या गावी कार्यालयातील राउटर असावा आणि त्याची देखभाल चंद्रपुराहून एसएसएचच्या मार्गाने व्हावी, अशी कल्पना करावी. प्रवेशाच्या परवानगीआधी सर्वनकाराचे धोरण लागू झाले, तर दुरुस्तीचा मार्गच दुरुस्ती करणाऱ्यावर बंद होतो आणि मूलमार्गे प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ठराविक सेकंदांत होकार न मिळाल्यास जुने नियम परत आणणारे ‘आयपीटेबल्स-अप्लाय’ हे साधन या संकटाची अप्रत्यक्ष कबुलीच होय. परंतु भाषेतील दोषावर घड्याळाचा उतारा पुरेसा नाही. नियमसंचाच्या आरंभी क्रमाचा न्याय, प्रत्येक परवानगीचे प्रयोजन आणि परतीची वाट वाचकाच्या भाषेत नोंदविणे हा अभियांत्रिकीचाच भाग मानला पाहिजे. जो नियम दुसऱ्याला वाचता येत नाही, त्याचे रक्षण तो लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीइतकेच टिकाऊ असते.