तवा वेगळा आहे का?

रॅपच्या दुकानातल्या मेनूवर हल्ली दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात. एक 'जैन', दुसरा 'ग्लुटेन-फ्री'. दोन्हीपुढं हिरवं पान काढलेलं. वाचणाऱ्याला वाटावं, दोन्ही आवडीनिवडीच आहेत.

माझ्या भाचीला सिलिॲक आहे. गहू, जव या धान्यांतल्या ग्लुटेननं तिच्या लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. ही डाएटची हौस नव्हे. यावर गोळी नाही; जन्मभर पथ्य हाच उपाय. तिच्याबरोबर बेळगावातल्या अशा एका दुकानात मी दोन-चारदा जेवले आहे, म्हणून हे लिहिते.

तिथला ग्लुटेन-फ्री पदार्थ म्हणजे रॅपमधली पोळी काढून तेच सारण वाटीत घालून दिलेलं. किंमत तीच. चव चांगली, पनीर मऊ, चटणी ताजी. पण काउंटरपलीकडं बघा. मैद्याची पोळी ज्या तव्यावर शेकली, त्याच तव्यावर पनीर परतलं जातं. चिमटा तोच, हातमोजे तेच. आपल्या देशाच्या नियमात ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागं 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. एका वाटीला ती मर्यादा ओलांडायला चिमूटभर मैदा पुरतो. शिवाय सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. म्हणजे पोळी गेली तरी गहू राहिलाच.

आणि 'जैन' सारण तरी तिला चालेल का? कांदा-लसूण नाही म्हणून त्यात हिंग सढळ हातानं घालतात. बाजारातला बांधणीचा हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. डबीवरची बारीक अक्षरं एकदा वाचून बघा. आपल्यासाठी केलेली सोय तिच्यासाठी अपाय ठरते.

मला राग दुकानदाराचा कमी आणि आपला जास्त येतो. "बटाट्याचा डाव यात घातला नाही ना?" हे आपण बिनदिक्कत विचारतो, आणि विचारावंच. पण तीच पोर "तवा वेगळा आहे का?" म्हणाली की आपल्याच पंगतीतल्या बायका म्हणतात, "एका घासानं काय होतंय, प्रसाद म्हणून घे की." कंदमुळाचा एक घास आपल्याला चालत नाही, मग तिच्या घासाला सूट कशी? अहिंसा फक्त जमिनीखालच्या जीवांपुरती नाही, समोर बसलेल्या मुलीपर्यंतही ती पोचायला हवी.

रॅप गव्हाचाच हवा असंही नाही. मेक्सिकोत मक्याच्या टॉर्टियात सारण गुंडाळतात. आपल्याकडं ज्वारीची भाकरी आहे. तिच्यात ग्लुटेन नाही, म्हणूनच थापायला हात लागतो आणि गार झाली की मोडते. पण गरम, पातळ भाकरीत झुणका घालून दुमडून खाणं आपल्याला नवं आहे का? फक्त गिरणीत आधी गहू दळला असेल तर तो ज्वारीच्या पिठात येतोच. ज्वारी घरच्या चक्कीत वेगळी दळावी.

त्या दुकानानं 'ग्लुटेन-फ्री'चं हिरवं पान पुसावं, नाहीतर एक तवा आणि एक चिमटा बाजूला ठेवावा. खर्च फार नाही. आणि पंगतीत वाढणाऱ्यांनी एवढंच करावं: एखाद्या मुलीनं "मावशी, यात हिंग कुठला?" विचारलं, तर डबी आणून दाखवावी.