आधारसामग्री प्रवाह आकृती

माहितीव्यवस्थेत आधारसामग्री कोठून येते, तिच्यावर कोणते संस्कार होतात, ती कोठे साठविली जाते व अखेरीस कोणाकडे जाते हे दर्शविणारी आकृती. ती ‘डेटा फ्लो डायग्राम’ या इंग्रजी नावानेही परिचित आहे. टॉम डीमार्को तसेच क्रिस गेन व ट्रिश सारसन यांच्या ग्रंथांच्या १९७९ मधील आवृत्त्यांमुळे या पद्धतीचा मोठा प्रसार झाला.

आकृतीचे घटक चार आहेत : बाह्य घटक, प्रक्रिया, संचय आणि प्रवाह. डीमार्को यांच्या पद्धतीत ते अनुक्रमे चौकोन, वर्तुळ, दोन समांतर रेषा व नामांकित बाण यांनी दाखवितात. गेन व सारसन प्रक्रियेसाठी गोलाकार कोपऱ्यांचा आयत वापरतात. ग्रंथालयाच्या व्यवहारात सभासद हा बाह्य घटक, मागणीपत्र हा प्रवाह, पुस्तक देण्याची नोंद करणे ही प्रक्रिया व देवघेवीची नोंदवही हा संचय होय. ग्रंथपाल मात्र तार्किक आकृतीत दिसत नाही, कारण तेथे काम कोण करतो याला महत्त्व नसून कोणते काम होते याला असते. हा भेद न ओळखल्यास नवी व्यवस्था जुन्या कार्यालयाची केवळ यांत्रिक प्रतिकृती ठरते.

प्रत्येक प्रवाहाचे किमान एक टोक प्रक्रियेला जोडलेले असावे लागते. आवक नसताना जावक दाखविणारी प्रक्रिया सदोष ठरते. एखादी प्रक्रिया खालच्या पातळीवर विस्ताराने मांडताना तिचे आवक-जावक प्रवाह वरच्या पातळीशी जुळावे लागतात. राहून गेलेली माहिती या नियमांमुळे लवकर उघडकीस येते. शिवाय संगणकाचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीलाही आकृती वाचून त्रुटी दाखविता येते. हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय.

तथापि, ही आकृती क्रम, काल व अटी दर्शवीत नाही. पुस्तक किती दिवसांनंतर परत आल्यास दंड आकारावा, हे बाणांवरून कळत नाही. त्यासाठी प्रक्रियेचे स्वतंत्र वर्णन व आधारसामग्री कोश लागतो. आकृतीलाच संपूर्ण विनिर्देश मानणे हा तिचा दुरुपयोग होय. पॉल वॉर्ड व स्टीफन मेलर यांनी १९८५ मध्ये तिला नियंत्रण प्रवाहांची जोड दिली. त्यामुळे तत्काल-प्रतिसादी व्यवस्थांचे वर्णन शक्य झाले, परंतु मूळची सुबोधता काहीशी उणावली. आधारसामग्री व तिच्यावरील क्रिया यांची ही फारकत वस्तुनिष्ठ आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांना मान्य नव्हती. १९९७ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘यूएमएल’ या चित्रभाषेत या आकृतीचा समावेश नाही.

असे असूनही ती कालबाह्य झालेली नाही. संगणकीय सुरक्षेच्या विश्लेषणात तिच्यावर विश्वाससीमा आखून धोक्याच्या जागा शोधल्या जातात. नागरिकांची खाजगी माहिती अनेक यंत्रणांमधून फिरत असताना ती कोठे थांबते व कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो सर्वांना समजेल अशा रीतीने मांडण्याचे सामर्थ्य या चार चिन्हांत आहे. मर्यादांची जाणीव ठेवून वापरल्यास त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे.