दिव्याआडचा हात

सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं १९४५चं ‘ग्लो ऑफ होप’ बहुतेकांनी छापील स्वरूपातच पाहिलेलं असतं. मूळ जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिवा घेतलेली मुलगी म्हणजे चित्रकाराचीच लेक, गीता. ज्योतीपुढे हात, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. या उजेडाचं कौतुक रास्तच आहे. जलरंगात लावलेला रंग सहजासहजी मागे घेता येत नाही. (आमच्या कामात अनडू असतं.)

पण मला तो हातच खटकतो. आरे-वारेच्या खाऱ्या वाऱ्यात तिन्हीसांजेला तुळशीपर्यंत दिवा नेताना ज्योत आडवी होते, माणूस अंग चोरून घाईनं चालतं. चित्रात पदरही हलत नाही. मग हा आडोसा ज्योतीसाठी नाहीच. आपल्याला बोटांतला उजेड दिसावा म्हणून आहे.

देगाचं १८८६चं ‘द टब’ हे पेस्टल नेमकं उलट. बाई वाकून अंग धुतेय, आपण वरून पाहतोय. बाजूच्या फळीवर सुरया, ब्रश. आपल्यासाठी काही मांडलंय असं वाटत नाही. अर्थात, ती अवघड पोझही कुणीतरी स्टुडिओत धरलेलीच.

चित्र म्हणून मला देगाचंच खरं वाटतं. तरी हळदणकरांचं मी निवांत पाहतो आणि देगाचं पाहताना चुळबुळतो. आरे-वारेच्या घाटवळणावरून खालच्या पुळणीकडे बघतानाही तसंच होतं: शेजारी कुणीतरी मोबाइल झूम करून, ओलं लुगडं पिळणाऱ्या बाईला टिपत असतं. गीताला निदान बाबा चित्र काढताहेत हे ठाऊक होतं.