कोरलेला दुर्ग आणि संरक्षणाची व्याख्या : देवगिरीसंबंधी काही विचार

देवगिरीच्या दुर्गाविषयीच्या लेखनात तट, दरवाजे आणि मेंढा तोफ यांची वर्णने विपुल आढळतात. परंतु या दुर्गाचे खरे बळ बांधकामापेक्षा खोदकामात आहे, या गोष्टीचा विचार क्वचितच होतो. १०६६ नंतर नॉर्मनांनी इंग्लंडात मातीचे उंचवटे रचले, भोवती खंदक खणले आणि वर लाकडी गढ्या उभारल्या. तेथे पुष्कळदा टेकडीच निर्माण करावी लागली. येथे निसर्गदत्त टेकडीच्या बाजू तासून तिचा कडा करण्यात आला व पायथ्याशी कातळात खंदक कोरण्यात आला. साधने भिन्न, हेतू एकच : चढून येणाऱ्यास पाय ठेवण्यास जागा उरू नये. इंग्लंडातील ते लाकूड केव्हाच नाहीसे झाले. उरलेली माती हीच वास्तू मानून तेथे तिचे जतन होते.

आपल्याकडील १९५८ च्या कायद्याची दृष्टी संकुचित आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्राचीन स्मारकाच्या त्याच्या व्याख्येत इमारतींबरोबर लेणी, शिलालेख, इतकेच नव्हे तर दफनाचे मातीचे ढिगारेही येतात. उणीव अन्यत्र आहे. स्मारकालगतची भूमी या व्याख्येत येते ती कुंपण, आच्छादन वा जतन यांसाठी लागेल तेवढीच. देवगिरीस हे माप अपुरे पडते. अंबरकोट आणि महाकोट यांमधील मोकळी भूमी ही दुर्गालगतची भूमी नव्हे. ती दुर्गच होय. १६३३ च्या वेढ्यात महाबतखानाच्या मोगल सैन्यास एकेक कोट क्रमाने जिंकावा लागला, यातच त्या अंतराचे प्रयोजन स्पष्ट होते.

२०१० च्या दुरुस्तीने संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मीटर विनियमित ठरविले. नियम स्वागतार्ह खरा. पण तो सीमेपासून मोजला जातो, आणि सीमा कोठे आखावी हे तो सांगत नाही. शिवाय मीटरच्या मोजपट्टीस उतार कळत नाही, की कड्यावरून दिसणारी वाटही कळत नाही. २०२५ साली युनेस्कोने १२ मराठा दुर्गांना जागतिक वारशात स्थान दिले, ते लष्करी भूप्रदेश या नात्याने. यादवांची ही राजधानी त्या मालिकेत नाही, आणि मालिकेचा विषय पाहता ते स्वाभाविकच आहे. कल्पना मात्र येथेही लागू पडते. त्या दृष्टीने देवगिरीच्या नकाशात तटांच्या रेषांइतक्याच काटेकोरपणे तासलेला कडा, खंदकाची खोली आणि दोन कोटांमधील जमिनीचा चढउतार यांची नोंद होणे आवश्यक आहे.